अभिप्राय वहीचं सातवं पान

लोधिवली, ता. खालापूर
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुप्रिया हिस,

जयाताईचे पुष्कळ आशीर्वाद. सुनीलरावांना नमस्कार. आरोहीच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरव.

इकडे सगळं ठीक. भात झोडून घरात आलं. यांचा गुडघा थंडीने धरलाय, पण तोंड नेहमीसारखं चालू आहे, त्यामुळे काळजी नाही. गेल्या शनिवारी दोन फार्महाऊसच्या मिळून सव्वाशे तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, म्हणून तुमच्या बालदिनाच्या कार्यक्रमाला शेलूला येता आलं नाही. तू रागावली नसशील अशी आशा आहे. पत्र संपेपर्यंत रागावशील, तो राग वेगळा.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आरोही तिथेच गृहपाठ करत बसलेली असते. मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर एवढ्यात पडायला नको. ती शाळेत गेली की एकटी बसून वाच.

तर, तुमच्या सोसायटीने गच्चीवर पडदा बांधून मुलांना तो जुना सिनेमा दाखवला, आणि नंतर सगळ्यांकडून अभिप्राय वहीत चार ओळी लिहून घेतल्या. तू त्या वहीच्या अकराही पानांचे फोटो मला पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "ताई, वाच, तुला कसं वाटलं ते नक्की कळव." वाचलं. कळवते. किळस आली. दुसरा बरा शब्द दिवसभर शोधला, सापडला नाही.

आधी सिनेमाबद्दल, कारण काल दुपारी मी तो मोबाईलवर पुन्हा बघितला, पूर्ण, कुणी म्हणायला नको की आठवणीवर बोलते आहे म्हणून. दोन वेण्या, ठिगळाचा झगा आणि चोवीस तास दात. मामी शिळी भाकरी पुढे टाकते तर ही म्हणते, "कडक भाकरीने दात मजबूत होतात!" विहिरीत पडते, गळ्यापर्यंत पाणी, आणि गाणं म्हणते. तीन कडव्यांचं! वर उभी असलेली माणसं दोर टाकायचा सोडून टाळ्या वाजवतात. मग तो कुरकुऱ्या म्हातारा शेठ, ज्याने घरातल्या कुत्र्यालाही कधी गोंजारलेलं नाही, तो तिच्या हसण्याने विरघळतो आणि तिला मुलगी मानतो. शेवटी सगळे रडतात, ती सोडून. मला एवढंच विचारायचंय की कुठल्या सिनेमात कुणी चिडकी, शेंबडी, अंथरूण ओलं करणारी पोर घरात घेतली आहे का? घर मिळतं ते हसणारीलाच.

आता तुमची वही. पहिल्या पानावर तुमचे चेअरमन. "संस्कारक्षम व हृदयस्पर्शी. आजच्या तक्रारखोर पिढीला हा आरसा आहे." हेच ना ते, लिफ्ट दोन दिवस बंद होती तेव्हा जिन्यात उभं राहून बिल्डरच्या नावाने शिमगा करणारे? तूच सांगितलं होतंस. यांना चार मजले चढायला लागले तर आकाशपाताळ एक करायचं, आणि आईबाप गेलेल्या पोरीने मात्र गाणं म्हणायचं.

दुसऱ्या पानावर एक बाई लिहितात, "डोळे पाणावले. सामोसे थंड होते." सामोशांबद्दल तरी त्या खरं बोलल्या. तिसऱ्यावर कुणीतरी पाच चांदण्या काढून त्यांत पिवळा रंग भरलाय. सगळ्या पानांवर तेच: दुःखात हसावं कसं ते हिच्याकडून शिकावं, आमच्या मुलांना मोबाईल नाही दिला तर रडतात, ही बघा. ज्यांना रडायला आई-बाप आहेत त्यांनी न रडणारीचं कौतुक करायचं, हा कसला खेळ आहे गं?

अकरा पानांत एक माणूस मला भेटलं. चौथ्या पानावर. जागृती, इयत्ता दुसरी. "ती मुलगी रडत का नाही? तिला लागलं होतं ना?" बस. ह्या पोरीला माझ्यातर्फे काहीतरी खाऊ दे. त्याखाली तिच्या आईने मोठ्या अक्षरात लिहिलंय, "कारण ती शूर आहे, बेटा!" वाचून माझ्या कपाळात गेली.

आणि पाचव्या पानावर तू. "हा चित्रपट आम्ही लहानपणी गावात पाहिला. माझी चुलत बहीण जयवंता लहानपणापासून आमच्याच घरी वाढली. ती अगदी अशीच. कधी कुरकुर नाही, कधी डोळ्यांत पाणी नाही, कायम हसतमुख. तोच वारसा आज आमच्या आरोहीकडे आलाय."

सुप्रिया, तू हे प्रेमाने लिहिलंस. मला माहीत आहे. म्हणून जास्त त्रास होतो.

तुला तो दिवस आठवतो का? शाळेच्या पटांगणात पडदा लावला होता. पुढे जागा नव्हती म्हणून आपण पडद्याच्या मागे पोत्यावर बसलो होतो, सगळं उलटं दिसत होतं. माझे आई-बाबा जाऊन वर्ष झालं असेल नसेल, मी आठ वर्षांची, तू सात. काकी आपल्या दोघींच्या मध्ये. ती पोर विहिरीत गायला लागली तशी काकीने माझ्या पाठीवर थाप मारली. "बग गं जयवंते. आयबाप नाय, पन तोंडावर हसू हाय बग कसं. तसं ऱ्हायचं. रडनारं पोर कुनाला गं हवं असतं?"

काकी वाईट नव्हती. तिने मला उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. तुला जो फ्रॉक तोच मला, भाऊबीजेला तुला जी ओवाळणी तीच मला. तिने ते वाक्य मला समजवायला म्हटलं, आणि मी समजले. मी समजले की ह्या घरात माझी जागा माझ्या दातांवर आहे. त्या दिवसापासून मी हसते आहे. दहावी नापास झाले तेव्हा हसले. लग्नात पाठवणीला तुम्ही सगळे रडत होता आणि मी हसत टेंपोत बसले, सासूबाई म्हणाल्या, "पोरीला म्हायेराची काय माया नाय वाटतं." तुझ्या धाकट्या बहिणीला, हर्षूला, मी कडेवर वाढवलं. ती मात्र सदा भोकाड पसरायची. पाय आपटायची, नाक गळायचं, अर्ध्या तासाने सगळं विसरून खेळायला जायची. मला तिचा हेवा वाटायचा. तिला काखोटीला धरून मी मनात म्हणायची, हिला कसं जमतं?

अडीच महिन्यांपूर्वी आरोहीला मागे ठेवून हर्षू गेली, त्या दिवशीही मी रडले नाही. तू म्हणालीस, "ताई, तू होतीस म्हणून आम्ही उभं राहिलो." मी उभी कुठे होते. मी फक्त पडत नव्हते.

परवा फार्महाऊसच्या मालकाने मला मोबाईलवर पाहुण्यांनी लिहिलेले शेरे वाचून दाखवले. "पोहण्याचा तलाव अस्वच्छ. जेवण ठीक. भाकरी करणाऱ्या मावशी मात्र कायम हसतमुख, पाच तारे." आदल्याच दिवशी तव्याने माझा अंगठा भाजला होता, त्याच पाहुण्यांच्या समोर. त्यांना दिसलं होतं. एक बाई म्हणाली होती, "मावशी, तुम्ही किती पॉझिटिव्ह आहात!" आणि माझा फोटो काढला होता. मी हसले होते, अर्थात. पंचावन्न वर्षांची झाले तरी कुणीतरी गुण देतंय आणि मी ते घेते आहे. स्वतःचीच शिसारी आली.

सातव्या पानाचं अजून लिहिलेलं नाही. आत्ता हात दुखतोय. उद्या लिहिते.

गुरुवार, दुपार

काल हात दुखत नव्हता. धीर होत नव्हता.

तू फोनवर सारखं एक सांगतेस, "अडीच महिने झाले ताई, एकदा म्हणून रडली नाही गं. शहाणी आहे." आणि त्याच फोनवर सांगतेस की तिला तोंडात सारखे छाले पडतात, गालाला आतून, आणि डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्यात. दोन्ही गोष्टी तू एका दमात सांगतेस आणि तुला त्यांचा संबंध लागत नाही. मला लागतो. मलाही पडायचे. काकी तूप लावायची आणि म्हणायची, "उष्नता हाय पोरीला." उष्णता कसली? रडू आलं की मी गाल आतून चावायची. घट्ट. रक्ताची चव आली की रडू थांबतं. आरोही गाल चावते आहे, सुप्रिया.

हे तिला कुणी शिकवलं, ते आता लिहिते.

हर्षूचा दहावा आठव. कर्जतला, उल्हासच्या काठी. तिचा नवरा साईराज दोन वर्षांपूर्वीच अपघातात गेलेला, हर्षूला मुलगा नाही, म्हणून आरोहीलाच घाटावर न्यावं लागलं आणि तिच्यासोबत आपण दोघी गेलो. पिंड ठेवला. साडेअकरा, बारा, साडेबारा. कावळा शिवेना. तू हात जोडून म्हणालीस, "हर्षू, आरोहीला आमी अंतर देनार नाय." शिवेना. सुनीलराव म्हणाले, तिचं शिक्षण करू, लग्न करू. शिवेना. ऊन चढलं, माणसं चुळबुळ करायला लागली. मग कुणीतरी मागून म्हणालं, "आईचा जीव पोरीत अडकलाय." आणि सगळे आरोहीकडे बघायला लागले. आठ वर्षांची पोर, नव्या फ्रॉकमध्ये, पायांत चप्पल नाही, आणि वीस माणसं तिच्याकडे अशी बघताहेत जशी काही आईला तिनेच धरून ठेवलंय. तिचा ओठ थरथरायला लागला होता.

भटजींनी तेव्हा दर्भ हातात घेतला होता. कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, तुला माहीत आहे. ते गाठ मारतच होते. मी पाच मिनिटं गप्प राहिले असते तर सगळं तिथेच संपलं असतं.

पण मी वाकले आणि तिच्या कानात म्हणाले, "आरू, आईला सांग, मी रडनार नाय, मी हसत ऱ्हाईन. मग येईल बग कावला."

तिने सांगितलं. मोठ्याने, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं. "आई, मी नाही रडणार. मी हसत राहीन." आणि उंबरावरून एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला.

तू धाय मोकलून रडलीस. सगळे म्हणाले, बघा, एवढ्याशा पोरीला कसं सुचलं! त्या दिवसापासून तू ही गोष्ट प्रत्येकाला सांगतेस. पाहुण्यांना, शाळेतल्या बाईंना, आणि शनिवारी सिनेमा सुरू व्हायच्या आधी माईकवरून पूर्ण सोसायटीला. प्रत्येक वेळी तू म्हणतेस, "तिचं तिलाच सुचलं." तिचं तिला सुचलं नव्हतं. मी सांगितलं होतं. आणि अडीच महिने मी तुला सांगू दिलं, कारण ऐकायला बरं वाटत होतं आणि माझं नाव त्यात येत नव्हतं.

मी का केलं असं, ते मी रोज भाकरी थापताना विचारते. एक कारण हलकट आहे: मला उन्हाचा त्रास होत होता आणि घरी जायचं होतं. दुसरं हे की त्या वीस माणसांची नजर मला ओळखीची होती. त्या नजरेतून सुटायचा एकच रस्ता मला माहीत होता, तोच तिला दाखवला. काकीने माझ्या पाठीवर थाप मारून जे केलं तेच मी तिच्या कानात वाकून केलं. काकीच्या आठवणीने मी काल दोन पानं तोंड वाकडं केलं, तर माझ्या नावाने किती करावं?

आणि हसू येतं ते कशाचं सांगू? पितृपक्ष चालू होता गं! प्रत्येक घराच्या छपरावर वडे, खीर, भात. त्या घाटावरचे कावळे आठवडाभर पोट फुटेस्तोवर खात होते. तो उशिरा आला कारण त्याला भूक नव्हती. हर्षूचा जीव कुठेही अडकला नव्हता. हे मला घरी येताना गाडीत सुचलं, खालापूरच्या फाट्यावर. तेव्हाच उलटी फिरले असते तर बरं झालं असतं.

आता सातवं पान. आरोहीचं. "किती गोड लिहिलंय" असं तू ह्या पानाबद्दल मला म्हणालीस, पण ते तू नीट वाचलेलं नाहीस. वाचलं असतंस तर गोड म्हणाली नसतीस. मी उतरून देते.

"मला सिनेमा आवडला. ती मुलगी एकदा पण रडली नाही म्हणून तिची आई अडकली नाही. मी पण एकदा पण रडले नाही. आरोही, इयत्ता तिसरी."

सिनेमात त्या पोरीच्या आईचं नावसुद्धा नाही. मी काल मुद्दाम शेवटपर्यंत बघितला. आई कुठे अडकली, कुठे सुटली, काही नाही. हे आरोहीने स्वतःच्या डोक्यातून त्यात घातलंय. तिला वाटतंय की आपण रडलो तर आई पुन्हा नदीवर येऊन अडकेल. रोज शाळेत जाते, जेवते, तुझ्याशी हसते आणि आईसाठी तोंडातल्या तोंडात रडू धरून ठेवते, आठ वर्षांची. आणि तिच्या ओळींखाली तुमच्या चेअरमननी लाल पेनाने चांदणी काढून "शाब्बास!" लिहिलंय. तो माणूस माझ्यासमोर आला तर मी काय बोलेन मला सांगता येत नाही.

रविवारी सकाळी मी येते. त्या दिवशीच्या भाकऱ्यांना नाही म्हणून सांगितलंय, मालक तोंड वाकडं करून बसलाय, बसू दे. मी यायच्या आत तुझ्या हॉलमध्ये लावलेलं ते "हसरी परी" असं लिहिलेलं प्रशस्तिपत्रक भिंतीवरून काढून ठेव. वाद घालू नकोस, काढ. आणि तिला "शहाणी", "शूर" म्हणणं आजपासून बंद. गोळ्या चालू ठेव, पण रोज तिच्या गालाला आतून तूप लाव, तोंड मोठं उघडायला लावून, घाई न करता. तोंड उघडं असलं की गाल चावता येत नाही.

मी आरोहीला घेऊन कर्जतला घाटावर जाणार आहे. तूही चल. मी दर्भाचा कावळा करणार आहे, भटजींना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तिच्या देखत हर्षूला सांगणार आहे, "हर्षू, तो शब्द तुज्या लेकीचा नव्हता, माजा होता. मी तो माघारी घेतंय. तू कवाच सुटलीस. पोर कितीबी रडली तरी तू सुटलेलीच ऱ्हाशील." मग तो कावळा नदीत सोडायचा आणि तिथेच बसायचं. ती रडली तर तू तिला गप्प करायचं नाहीस. पदराने डोळे पुसायचे नाहीत, चॉकलेट काढायचं नाही. हर्षू रडायची तसं, नाक गळेपर्यंत रडू दे.

ती नाही रडली तर काय, हे मला ठाऊक नाही. अडीच महिन्यांची सवय लवकर सुटेल, असं म्हणते आहे. माझी सत्तेचाळीस वर्षांची आहे. कदाचित मलाच आधी रडायला लागेल तिच्यासमोर, आणि मला ते येतं का हे मी बघितलेलं नाही. सिनेमातल्या पोरीला जसं हसायला लावलं तसं माझं रडणंही नुसतं करून दाखवलेलं होईल अशी भीती वाटते. तरी येणार.

तू मला दारातून परत पाठवलंस तर समजू शकेन. तुझी इतक्या लोकांना सांगितलेली गोष्ट मी मोडते आहे, आणि पोर तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. पण एवढं कर. पाठवलंस तरी माझ्या नावाने तिला सांग की तो शब्द जयामावशीचा होता. तुझ्या तोंडून सांग, आजच सांग, रविवारपर्यंत थांबू नकोस. तिने आणखी एक दिवस गाल चावू नये.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळावं म्हणून मी आत्ताच यांच्याबरोबर पाठवते आहे. यांनी विचारलं, "येवडं काय लिवलंस?" मी सांगितलं, अभिप्राय.

आरोहीच्या तोंडात ते शब्द घालणारी,
तुझी ताई,
जयवंता